फडावरून परतलेलं लेकरू काय घेऊन येतं?

एक कोयता आहे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल एक लाख रुपये. तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडते असं धरा. तर उचल फिटायला किती दिवस लागतील?

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात कितीतरी घरांत दसऱ्याच्या सुमारास असला हिशेब तोंडी मांडला जातो, आणि चूल पेटवता पेटवता लेकरं तो ऐकत असतात. लाखाला ३६६ नं भागलं की २७३ टन आणि वर थोडा. दिवसाला दोन टन, म्हणजे १३७ दिवस. साडेचार महिने. त्यात आजारपण धरलेलं नाही, खाडा धरलेला नाही, गाडी आली नाही म्हणून वाया गेलेला दिवस धरलेला नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटाच माणूस असेल तर तो अर्धा कोयता. फळ्यावर अपूर्णांक लिहिला जाण्याच्या कितीतरी आधी इथल्या मुलांना अर्ध्याची किंमत कळलेली असते.

हा ३६६ चा दर जानेवारी २०२४ मध्ये ठरला. त्याआधी टनाला २७३ रुपये मिळत. जुन्या दरानं हेच गणित करून बघितलं आणि मी कागदाकडे बघतच राहिलो. २७३ च्या दरानं लाख रुपये फेडायला लागतात ३६६ टन. नव्या दरानं ३६६ रुपयांनी लागतात २७३ टन. आकड्यांनी जागा बदलल्या. याचं कारण साधं आहे, २७३ गुणिले ३६६ म्हणजे ९९,९१८, लाखाला अगदी खेटून. पण व्यस्त प्रमाण शिकवायला याहून सुंदर उदाहरण शोधून सापडणार नाही. दर वाढला की टन घटतात, आणि १८३ दिवसांचे १३७ होतात. म्हणजे दीड महिना वाचला. आईबापाच्या पाठीवरचा दीड महिना गणितानं मोजता येतो हे सातवीतल्या मुलाला एकदा दिसलं, की तो व्यस्त प्रमाण जन्मात विसरणार नाही असं मला मनापासून वाटतं.

धारूर बालाघाटाच्या डोंगरात आहे. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानानं बांधलेला किल्ला, घाटाचा वळणावळणाचा रस्ता, पावसाळा सरता सरता डोंगरभर पिकणारी सीताफळं. जमीन बरीचशी मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. तालुक्यात तेलगावला साखर कारखाना आहे, तरी इथल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडे, नाहीतर सरळ कर्नाटकात. बीड जिल्ह्यातून दर हंगामात लाखांच्या संख्येनं माणसं जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळी, कोंबड्या आणि मध्ये लेकरं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा पटावर नाव असतं, बाकावर मूल नसतं. दुसरं सत्र अर्ध्याहून जास्त फडावर जातं, आणि पाडव्याच्या मागेपुढे मूल परत येतं.

परत आलेल्या मुलाबद्दल सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं, ‘सगळं विसरून आलंय.’ ते कितपत खरं आहे, हा प्रश्न घेऊन मी शिक्षण आणि मन यांवरचं संशोधन वाचत गेलो. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली आणि तिनं मला अक्षरशः हलवलं. मुलांच्या शिकण्याबद्दल, गरिबीच्या ताणाबद्दल आणि संकटातून सावरण्याबद्दल जे अभ्यास जगभर पुन्हा पुन्हा सांगितले जातात, त्यांतले तीन उसाच्या प्रदेशांतून आलेले आहेत. एक ब्राझीलमधला, एक तामिळनाडूतला आणि एक पॅसिफिक महासागरातल्या बेटावरचा.

पण आधी विसरण्याबद्दल.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं १८७९-८० मध्ये स्वतःलाच प्रयोगाचा विषय केलं. काहीही अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करायचा, काही वेळ जाऊ द्यायचा आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करायला बसायचा. १८८५ मध्ये त्यानं निष्कर्ष छापले. त्याची खरी करामत मोजण्याच्या पद्धतीत होती. ‘किती आठवतंय?’ हे त्यानं विचारलंच नाही. त्यानं विचारलं, पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचला? तासाभरात निम्म्याहून जास्त बचत उडून जाते. पहिल्या दिवसानंतर मात्र घसरण मंदावते, आणि महिन्याभरानंसुद्धा सुमारे पाचवा हिस्सा शिल्लक राहतो. यादीतलं एकही अक्षर ओठांवर येत नसलं तरी ती दुसऱ्यांदा लवकर पाठ होते. २०१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी हाच प्रयोग एका माणसावर सत्तर तास खर्चून पुन्हा केला. वक्ररेषा जवळजवळ तशीच आली.

म्हणजे आठवत नाही आणि उरलं नाही या दोन निराळ्या अवस्था आहेत. मेंदूत हे कसं दिसत असेल याची एक झलक म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत मिळाली. तिथल्या संशोधकांनी उंदरांचा एक डोळा काही दिवस बंद ठेवला. दृष्टीच्या भागातल्या चेतापेशींवर नवे बारीक काटे फुटले. एका पेशीचा दुसरीशी जोड होतो तो याच काट्यांवर. डोळा उघडला, दृष्टी पूर्ववत झाली, म्हणजे शिकलेलं ‘विसरलं’. काटे मात्र तिथंच राहिले. डोळा पुन्हा बंद केला तेव्हा मेंदूनं तोच बदल फार लवकर केला, आणि त्या वेळी नवे काटे फारसे फुटले नाहीत. हा अभ्यास २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. उंदराची दृष्टी म्हणजे मुलाची वजाबाकी नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवायला हवं. तरीसुद्धा वापरात नसलेली जोडणी मेंदू मोडून टाकत नाही, ती तशीच ठेवून देतो, ही गोष्ट कळल्यापासून पाडव्याला शाळेत येऊन गप्प बसणाऱ्या मुलाकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो. त्याला हातचा आठवत नसेल. पण त्याला हातचा शिकवायला पहिल्या वेळेइतके दिवस लागायचे नाहीत, अट एवढीच की कुणीतरी तो पुन्हा शिकवायला घ्यायला हवा.

आता उसाच्या पहिल्या प्रदेशात जाऊ. ब्राझीलच्या ईशान्येला पेर्नाम्बुको नावाचं राज्य आहे, पोर्तुगीजांच्या काळापासून उसासाठी ओळखलं जाणारं. त्याची राजधानी रेसिफे. कोरडवाहू भागातून पोटासाठी शहरात आलेल्या कुटुंबांची मुलं तिथं रस्त्यावर नारळ, लिंबं, मक्याची कणसं विकायची. तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅरहर आणि ॲनालुसिया श्लीमान हे तिघे संशोधक गिऱ्हाईक बनून या मुलांकडे गेले. बारा वर्षांच्या एका नारळवाल्या मुलाला विचारलं, एक नारळ ३५ ला, तर दहा कितीला? शाळेत शिकलेल्या कुणालाही वाटेल, पस्तिसावर शून्य द्यायचं. त्या मुलानं तसं केलं नाही. तीन नारळांचे १०५ त्याला पाठ होते, कारण गिऱ्हाइकं तीन-तीन नेत. आणखी तीन, झाले २१०. आणखी तीन, ३१५. मग उरलेला एक, ३५०. उत्तर बिनचूक.

नंतर तेच आकडे कागदावर मांडून त्याच मुलांना दिले. रस्त्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर आली होती. शाब्दिक उदाहरण म्हणून दिल्यावर ७४ टक्के आली, आणि नुसती आकडेमोड दिल्यावर ३७ टक्के. अभ्यास १९८५ चा, मुलं फक्त पाच. त्यामुळे बरीच वर्षं त्याच्याकडे एक हृदयस्पर्शी किस्सा म्हणूनच पाहिलं गेलं.

मग २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आपल्याच देशातला अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांना तपासलं. संशोधक बटाटे-कांदे घ्यायला जात, मुद्दाम अडनिडं वजन मागत, मोठी नोट देत. मुलं भराभर हिशेब करून उरलेले पैसे परत देत. त्याच मुलांपुढे शाळेसारखी सुटी वजाबाकी किंवा भागाकार ठेवला की त्यांतली बरीच अडत. ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूला जवळच्या शाळांतल्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांनाही तपासलं. त्यांना कागदावरची आकडेमोड चांगली येत होती, आणि बाजारातला व्यवहार पुढे ठेवला की ती अडत होती. दोघांकडेही गणित आहे आणि मधला पूल दोघांकडेही नाही. बाजारातल्या मुलानं गणित येत असूनही नापास व्हायचं, आणि शाळेतल्या मुलानं पास होऊनही दुकानात गोंधळायचं. पूल बांधण्याचं काम मोठ्यांचं, शाळेचं आहे, आणि ते आपण केलेलं नाही.

धारूरच्या लेकरांची चाचणी अशी कुणी घेतल्याचं माझ्या वाचनात नाही, पण फडावर ती काय काय मोजतात याचा विचार करून बघा. मोळी २५ किलोची धरली तर टनाला ४० मोळ्या. गाडीत किती बसल्या, वजनकाट्यावर किती भरल्या, मुकादमाच्या वहीत किती चढल्या. वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या शेतकऱ्याला विकायला बऱ्याच वेळा पोरंच जातात. शेकड्याचा भाव, सुटे पैसे, उधारी, सगळं त्यात आलं. ऊस जमिनीलगत का तोडायचा हे ती सांगू शकतात, कारण बुडख्याकडे साखर जास्त असते. हे विज्ञान आहे. आणि ही सगळी शिदोरी घेऊन मूल वर्गात येतं, तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो पान क्रमांक अमुकवरचा.

फळ्यावर ‘२५ × ४०’ लिहायच्या आधी गुरुजींनी विचारावं, ‘चाळीस मोळ्या म्हणजे किती रे?’ उत्तर तोंडी येईल, टनभर. मग फळ्यावर लिहावं २५ गुणिले ४० बरोबर १०००, आणि सांगावं की तू आत्ता जे बोललास ते असं लिहितात. या उलट्या वाटेला माझ्या मते फार मोल आहे. कारण त्यात मुलाला पहिल्यांदा कळतं की मला जे येतं तेही गणितच आहे. एक सावधगिरी मात्र हवी. फडावरच्या कामाचं कौतुक करताना बालमजुरीचं कौतुक होता कामा नये. कोयत्याच्या धारेशेजारी, रात्री गाडी भरताना ट्रॉलीखाली झोपलेल्या मुलाचं जे शिकणं होतं ते त्याच्या वाट्याला यायलाच नको होतं. आलंय, तर निदान ते शून्य समजून पुसून टाकू नये.

दुसरी अडचण वर्गाच्या रचनेची आहे. शिक्षण हक्क कायद्यानं मुलाला वयानुरूप वर्गात बसायचा हक्क दिला, आणि तो योग्यच आहे. दहा वर्षांची मुलगी पाचवीतच बसली पाहिजे. पण ती शब्द वाचायला अडखळत असेल आणि पुढ्यात पाचवीचा धडा उघडलेला असेल, तर तिला रोज साडेपाच तास न कळणाऱ्या गोष्टींसमोर बसावं लागतं. या कोड्याचं एक उत्तर महाराष्ट्रातच सापडलं. मुंबईत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेनं वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमलं. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन त्या बसत आणि वाचन, अंकओळख, बेरीज-वजाबाकी एवढंच शिकवत. मुंबई आणि वडोदऱ्यात याची रीतसर चाचणी झाली आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना झाला होता. इयत्ता कुठलीही असो, मूल आज जिथं आहे तिथून उचलायचं, हे तत्त्व पुढे अनेक राज्यांत आणि आफ्रिकेतल्या देशांत गेलं. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे असल्या प्रयोगांची मोठी रांग होती.

एबिंगहाउसची बचत आणि बालसखीचे दोन तास शेजारी ठेवून पाहिले तर धारूरसाठी त्यात फार मोठी आशा दिसते. परत आलेल्या मुलाला सहा महिन्यांचा अभ्यास सहा महिने शिकवायची गरज नसावी. आधी ते नेमकं कुठं आहे ते बघायचं. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट, यांतलं काय वाचता येतं, हे कळायला माणशी दहा मिनिटंही लागत नाहीत. मग तिथून पुढचे काही आठवडे रोज थोडा वेळ. त्यासाठी एप्रिलचे उरलेले दिवस पुरतील की जूनपासूनचे पहिले दोन महिने लागतील हे शिक्षकच सांगू शकतील.

आतापर्यंत आपण डोक्याबद्दल बोललो. पण शाळेत नुसतं डोकं येत नाही.

उसाचा दुसरा प्रदेश तामिळनाडूतला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तिथल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांना दोनदा तपासलं, एकदा तोडणीच्या आधी, हात तंगीत असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर. त्याच माणसांनी, तशाच कोड्यांत, पैसे नसताना लक्षणीय वाईट कामगिरी केली. ऊसच का निवडला तर कारखाने तोडणीचे दिवस वाटून देतात. एकाच महिन्यात कुणाचा ऊस गेलेला असतो, कुणाचा उभा असतो, त्यामुळे हवापाण्याचा परिणाम वेगळा काढता येतो. २०१३ मध्ये हे छापून आलं. नंतर अमेरिकेत पगाराच्या आधी-नंतर केलेल्या अशाच तपासणीत फरक आढळला नाही, म्हणून याला सार्वत्रिक नियम म्हणता येणार नाही. आणि हा अभ्यास मोठ्यांवरचा आहे. तरी मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. माणूस तोच असताना, काळजीचा भार उतरला की त्याची बुद्धी जास्त चालताना दिसली. ज्या घरात उचलीचा आकडा चुलीपाशी बसलेला असतो, त्या घरातल्या मुलाला मठ्ठ म्हणण्याआधी थांबायला हवं.

तिसरा प्रदेश कौआई, हवाई बेटांपैकी एक. पन्नासच्या दशकात तिथं ऊस आणि अननसाचे मळे होते आणि बहुतेक कुटुंबं मळ्यांवर राबणारी, जपानहून, फिलिपाइन्सहून आलेली, काही मूळ हवाईयन. १९५५ मध्ये त्या बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकारी रूथ स्मिथ यांनी धरला. पहिलं वर्ष, दुसरं, दहावं, अठरावं, बत्तिसावं, चाळिसावं. एका बेटावरच्या एका वर्षातल्या सगळ्या जन्मांचा चाळीस वर्षं पाठपुरावा, या चिकाटीला नमस्कारच करावा. साधारण तीनातलं एक मूल फार बिकट परिस्थितीत जन्मलेलं होतं. गरिबी, जन्मावेळचा त्रास, घरातली भांडणं, आजार. सगळे विचारत होते, ही मुलं बिघडतात का? वर्नरबाईंनी उलटं विचारलं. यांच्यातली जी बिघडत नाहीत ती कशामुळे? कारण अशा बिकट मुलांतलीही सुमारे एक तृतीयांश मुलं धड, जबाबदार, माणसाळू तरुण झाली होती.

त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट वारंवार दिसली. किमान एक मोठं माणूस, जे त्यांना धरून होतं. आईबाप नसतील तर आजी, आजोबा, मोठी बहीण. शाळेच्या वयात बऱ्याचदा एखादे शिक्षक. शिवाय किशोरवयात वाट चुकलेल्यांपैकी अनेकजण चाळिशीपर्यंत सावरले होते.

हे वाचताना धारूरच्या गावांतल्या आज्या डोळ्यांपुढे आल्याशिवाय कशा राहतील? टोळी निघते तेव्हा गावात उरतात त्या म्हाताऱ्या माणसांचा आणि त्यांच्या अंगावर टाकलेल्या नातवंडांचा संसार. गुडघे दुखताहेत, डोळ्यांना कमी दिसतंय, तरी भाकरी थापून पोराला शाळेत धाडणारी आजी म्हणजे कौआईच्या अभ्यासातला सर्वांत भक्कम खांब आहे. सरकारच्या हंगामी वसतिगृहांची योजना नकळत याच खांबावर उभी आहे. गावातल्याच शाळेची समिती ती चालवते. मुलांना दोन वेळ जेवण, संध्याकाळचा अभ्यास, आणि अनेक ठिकाणी झोपायला नातलगांकडे. तिच्या अंमलात त्रुटी आहेत, पैसे उशिरा पोहोचतात अशी ओरड असते. पण तिच्यामागचा विचार पक्का आहे. मुलाचं घर, गाव आणि शाळा तुटू द्यायची नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या जेवणात आजीचंही ताट असावं आणि महिन्यातून एकदा आरोग्य केंद्राच्या माणसानं तिचाही रक्तदाब बघावा. ती आजारी पडली की पोर फडावर जातं.

पोरगी तेरा-चौदाची झाली की आजीचा आधार पुरत नाही. तिला मागं ठेवायची आईबापाला भीती, सोबत न्यायची त्याहून भीती. मग लग्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि नव्या कोयत्याला उचल मिळते. म्हणून या मुलींसाठी राहण्याची सुरक्षित जागा हीच शिक्षणाची पहिली अट आहे. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली, ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहं, प्रत्येकात शंभर जागा. त्यांतलं मुलींचं प्रत्येक वसतिगृह उभं राहणं, आणि त्याच्या दाराशी विश्वासू बाईमाणूस असणं, हे कुठल्याही नव्या अध्यापन पद्धतीपेक्षा आधीचं काम आहे.

मग जी मुलं जातातच, त्यांचं काय? शाळेनं मुलाकडे जायची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या होत्या. गुरं जिथं चरतात तिथंच शाळा. पुढे ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर भर मुलांना गावात ठेवण्यावर आणि जिथं जातील तिथल्या शाळेत हमीपत्रावर दाखल करण्यावर गेला. कागदावर हे चोख आहे. पण टोळी फड बदलत राहते, कोपीपासून, म्हणजे फडाजवळच्या झोपडीपासून, शाळा लांब पडते, आणि कर्नाटकात तर फळ्यावरची लिपीच वेगळी.

इथं मला एक अगदी अलीकडचा अभ्यास सांगायचा आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे आफ्रिकेतल्या बोत्सवाना देशात शाळा बंद झाल्या, तेव्हा नोम अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी सुमारे साडेचार हजार घरांत एक साधा प्रयोग केला. काही घरांना आठवड्याला मोबाइलवर गणिताचे संदेश पाठवले. काहींना संदेशासोबत पंधरा-वीस मिनिटांचा फोन केला. फोनवर मुलासोबत आई किंवा बाप असायचे, फोन करणारे एक-दोन उदाहरणं सोडवून घ्यायचे, आणि काही घरांत पुढच्या आठवड्याचं उदाहरण मुलाला काय येतं ते बघून ठरायचं. नुसत्या संदेशांचा भरवसा धरता आला नाही. फोन आलेल्या मुलांचं गणित ठळकपणे सुधारलं. नंतर हाच प्रयोग भारत, केनिया, नेपाळ, फिलिपाइन्स आणि युगांडात करून बघितला, आणि फायदा पुन्हा दिसला. इंटरनेट नको, महागडा फोन नको.

विसरण्याच्या वक्ररेषेवर आठवड्याला एकदा हात ठेवायचा, मूल आहे तिथून उचलायचं, आणि शाळेतलं एक ओळखीचं माणूस त्याला धरून आहे हे त्याला कळू द्यायचं, हे तिन्ही त्या एका फोनमध्ये बसतं. फडावर मोबाइल असतोच, मुकादमाचा निरोप त्यावरच येतो. धारूरच्या एका केंद्रातल्या शाळांनी येत्या हंगामात एवढंच ठरवलं तरी चालेल. टोळी निघायच्या आधी प्रत्येक पालकाचा नंबर पटावर, मुलाच्या नावापुढे. त्याला काय वाचता येतं, कुठल्या गणितापर्यंत आलंय, याची एका ओळीची नोंद. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, गाडी भरून झाल्यावर, पंधरा मिनिटं. पहिला प्रश्न जेवलास का, हा. दुसरा, आज किती मोळ्या झाल्या, आणि त्याचे टन किती. फोनचा खर्च शाळेला मिळावा आणि तो वेळ शिक्षकाच्या कामाच्या तासांत धरला जावा, एवढी सोय गटशिक्षण कार्यालयानं करून द्यावी. एप्रिलमध्ये परत आलेल्या मुलांची आणि फोन न झालेल्या शाळांतल्या मुलांची तीच दहा मिनिटांची चाचणी घेतली, तर फरक पडतो की नाही हे धारूरला स्वतःच्याच आकड्यांतून कळेल.